पाटीवरचं पाणी

आषाढात आमच्या रामनगरची वीज दिवसातून दहा वेळा जाते. कुठंतरी जंगलात फांदी तारेवर पडते आणि इथं घरातला पंखा कण्हत थांबतो. मला त्याचं काही वाटत नाही. माझा अर्धा जन्म कंदिलाच्या उजेडात गेला. पण परवा भर दुपारी वीज गेली तेव्हा माझी नातसून खुर्चीत ताठ झाली. ती घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. टेबलाखालची काळी पेटी टीं टीं ओरडायला लागली आणि पोरीची बोटं भराभरा पळायला लागली.

"एवढी घाई कसली गं?" मी विचारलं.

"आजी, आपण लिहिलेलं सगळं लगेच आतल्या तबकडीवर उतरत नाही. मशीन ते आधी नुसतं ध्यानात ठेवतं आणि सवडीनं उतरवतं. मधेच वीज गेली की ध्यानातलं सगळं पुसलं. ही बॅटरी पाच-सात मिनिटं देते. तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं."

"आणि सगळं उतरण्याआधी बॅटरीच संपली तर?"

"मग आधी काय उतरवायचं ते ठरवावं लागतं," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

तिचं काम वेळेत झालं. ती चहा ठेवायला आत गेली. मी मात्र खिडकीशी बसून राहिले. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आणि मला तो दुसरा आषाढ दिसत होता. त्या आषाढात पाऊस नुसता पडत नव्हता, मारत होता.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. माहेर खानापूर तालुक्यातलं, शाळा सातवीपर्यंत, लग्नाला तीन वर्षं झालेली. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण कागदावर किती वेळा 'हे' म्हणायचं? इथं मी त्याला शंकर म्हणते, आणि एकेरीच म्हणते. आता रागवायला तो नाही.

गोवा मोकळा होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. काळी नदीवर धरण कुठं बांधता येईल याची पाहणी चालू होती आणि शंकरला पाणमोजणीच्या कँपवर नोकरी मिळाली होती. बाजारकुणंगच्या पुढं लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यानं गेलं की नदीच्या वळणावर, उंचवट्यावर आमचा कँप. कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्या, त्यांवर कौलं, बाजूला डिझेल इंजिनाची शेड, आणि खाली नदीत रोवलेला एक रंगवलेला लाकडी खांब. खांबावर फुटांच्या खुणा. दर तासाला खाली उतरून पाणी कितीव्या फुटावर आहे ते वाचायचं, हे शंकरचं काम. तो झोपला की मी उतरायची. त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या खोलीत वायरलेसचं यंत्र होतं आणि त्या यंत्राचे धनी बसप्पा मास्तर होते. धारवाडकडचे, चाळिशीचे, एकटे. इंजिन चाललं की यंत्र चालायचं. आमच्यापासून सहा मैल खाली, नदीकाठच्या सपाटीवर दुसरा कँप होता. तिथं तीस-बत्तीस माणसं खडकाला भोकं पाडून दगडाची जात तपासत होती. त्यांच्याकडेही यंत्र होतं. दर दोन तासांनी, ठोक्याला, पाच मिनिटं ते आपलं यंत्र उघडायचे आणि मास्तर त्यांना नदीचे आकडे सांगायचे. एरवी ते यंत्र बंद.

शंकर आकडा वाचायचा तो पाटीवर लिहून आणायचा. कागद त्या पावसात टिकत नव्हता. शर्टाच्या आतसुद्धा त्याचा लगदा व्हायचा. पाटीवरचे आकडे मास्तर आधी यंत्रावरून खाली सांगायचे आणि संध्याकाळी शाईनं मोठ्या वहीत उतरवायचे. मधल्या वेळात नदीची सगळी हकीकत त्या एका पाटीवर असायची. ओल्या बाहीचा एक फटकारा, की पुसली.

मास्तरांचा नियम होता. "शाई वाळल्याबिगर पाटी पुसायची न्हाई. यंत्रावर सांगितलं म्हंजे झालं नव्हं. ऐकणारा विसरतो."

दुसरा नियम बॅटरीचा. यंत्राजवळ फळीवर एक जुनी बॅटरी घोंगडीखाली झाकलेली असायची. इंजिन चालू असताना ती भरून घ्यायची आणि मग तिला हात लावायचा नाही. दिव्याला नाही, रेडिओला नाही. इंजिन बंद पडलंच तर तिच्यावर यंत्र पाच मिनिटं बोलणार, फार तर सहा. शंकर हसायचा. "मास्तर, ती काय तुमची बायको हाय व्हय, घोंगडीत गुंडाळून ठेवलीय?" मास्तर हसायचे नाहीत.

त्या वर्षी पावसानं आम्हाला बदडून काढलं. वारा बांबूच्या बेटात शिरला की बांबू फुटायचे, बंदुकीचा बार व्हावा तसे, एकामागून एक. एका दुपारी आमच्या छपराची कौलं पानांसारखी उडाली. एक चुलीत पडलं आणि निखारे माझ्या पायावर आले. गवळ्याची एक म्हैस फांदीखाली सापडली आणि अर्धा दिवस ओरडत राहिली, शेवटी त्यानंच कोयता चालवला. नदीतून मेलेली जनावरं जायची. भेकरं, एकदा एक गवा, पोट फुगलेला, शिंगांत वेली अडकलेल्या. खांबाला साप वेटोळं घालून बसायचे. खाली उतरून वर येईपर्यंत पोटऱ्यांना जळवा लागलेल्या असायच्या. मीठ लावलं की गळून पडायच्या आणि रक्त वाहतच राहायचं. मी उंबऱ्यात बसून पाय पुसायची. रक्ताचं काही वाटेनासं झालं होतं. आजही आषाढात ओल्या मातीचा वास आला की त्याच्या पाठोपाठ मला मिठाचा आणि रक्ताचा वास येतो.

माणसांतही तो पाऊस शिरला होता. वरच्या ओढ्याकडं एका कंत्राटदाराची लाकूडतोड चालायची. पावसाळ्यात तोड बंद, पण त्याचा मुकादम परशा आणि चार लाकूडतोडे मागं राहिले होते. त्यांचा ट्रक पावसाआधी निघायला हवा होता, तो चिखलात बसला आणि त्याची बॅटरी मेली. उन्हाळ्यात तोडलेले ओंडके परशानं ओढ्याच्या पात्रातच रचून ठेवले होते. रस्त्यापर्यंत ओढायचे कष्ट वाचले. पावसाळ्यात तो ओढा म्हणजे अर्धी नदीच. मास्तरांनी त्याला दोनदा सांगितलं होतं, ओंडके काढ म्हणून. तो म्हणाला होता, "तुमी आकडे मोजा मास्तर, लाकडं आमी मोजतो."

एका सकाळी तो आला तो थेट यंत्राच्या खोलीत. हातात ट्रकचं लोखंडी हँडल.

"बॅटरी द्या. ट्रक चालू करून आणून देतो."

"न्हाई."

"तासाभराचं काम हाय."

"तास असू दे न्हाईतर मिनिट असू दे. न्हाई म्हंजे न्हाई."

परशानं घोंगडी ओढली. मास्तरांनी बॅटरीला मिठी मारली. मी दारात पीठ मळत होते. मला हँडलचा पहिला आवाज ऐकू आला, ओल्या कपड्यावर मोगरी पडावी तसा. दुसरा खांद्यावर बसला. मास्तर बॅटरीवर पालथे झाले, बूच निघालं आणि आतलं ॲसिड त्यांच्या डाव्या हातावर सांडलं. ते ओरडले, पण मिठी सोडली नाही. शंकर खांबाकडून धावत आला, त्याच्या हातात कोयता होता. त्यानं तो परशाच्या कानाशी धरला.

"जातोस का न्हाई?"

परशा गेला. मी मास्तरांच्या हातावर घागरभर पाणी ओतलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी पडून सुटत होती. ते दातओठ खात होते आणि उजव्या हातानं बॅटरीचं बूच चाचपडत होते. "तंगी," ते मला म्हणाले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तंगी, बाटलीतलं सोच्छ पाणी घाल त्यात. खारं न्हाई, नदीचं न्हाई." मला त्यांचा राग आला होता. एका डबड्यासाठी हात जाळून घ्यायचा?

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो दिवस आला.

सकाळपासून आभाळ खाली आलं होतं. दहाचे आकडे मास्तरांनी खाली सांगितले. अकराला शंकरनं पाटीवर चौदा फूट लिहिलं. बाराला तेरा. बाराच्या ठोक्याला मास्तर यंत्रावर बसले, पण विजा अशा कडकडत होत्या की कानात नुसती खरखर. खालच्यांना काही कळेना, यांना काही ऐकू येईना. पाच मिनिटं संपली आणि यंत्र पुन्हा बंद झालं. आता दोन वाजता.

एकला मी उतरले. पाऊस इतका होता की श्वास घ्यायला तोंडावर हात धरावा लागत होता. पण खाली नदीचा आवाज कमी झाला होता. खांबाशी जाऊन पाहिलं तर अकरा फूट. काठचे खडक उघडे पडले होते, काळे, चकचकीत, आणि त्यांच्या खळग्यांत मासे तडफडत होते. मला बरं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, मला तिथं थांबवेना. मी पाटी मेणकापडात गुंडाळली आणि पळत वर आले.

शंकर म्हणाला, "उतरतंय की! बरं झालं."

मास्तरांनी पाटी हातात घेतली. चौदा, तेरा, अकरा. त्यांनी बाहेर पावसाकडं पाहिलं, पुन्हा पाटीकडं.

"आभाळ फाटलंय आन पाणी उतरतंय? शंकर, वर कुठंतर अडलंय. परशाची लाकडं ओढ्यात आडवी झाली असणार. तिकडं तळं साचायला लागलंय." त्यांचा आवाज खाली आला. "ते सुटंल तवा खालच्या कँपला पत्ता लागायचा न्हाई."

खालच्या कँपवर गौरव्वा होती. खडी वाहायच्या कामावरची बाई. आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पडलं तेव्हा सहा मैल चालत तीच आली होती आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"मी चालत जाऊन सांगू?" शंकरनं विचारलं.

"चालत पोचायला दोन तास. दोनला यंत्र उघडंल. तू इंजिनात डिझेल घाल, ते बंद पडता कामा नये."

शंकर डबा घेऊन शेडकडं गेला. मी चुलीपाशी वळले आणि तेवढ्यात वारा आला. त्या वाऱ्याचा आवाज मला लिहिता येणार नाही. आधी जमीन हलली, मग शेडमागचा ऐनाचा म्हातारा वृक्ष मुळांसकट उपटला जाताना दिसला. तो सावकाश कलला, जणू विचार करत होता, आणि मग एकदम आला. पत्रा, लाकूड, लोखंड, सगळ्याचा मिळून एक आवाज झाला. इंजिन थांबलं. आणि त्या शांततेत शंकर ओरडला.

तो शेडच्या बाहेर फेकला गेला होता, पण डावा पाय गुडघ्याखाली खोडाखाली होता. खोड मला मिठीत मावणार नाही एवढं. चिखलात रक्त पसरत होतं, पाऊस ते धुवत होता आणि ते पुन्हा येत होतं. मी त्याचं डोकं धरलं. मास्तर पहार घेऊन आले. आम्ही दोघांनी जोर लावला. पहार वाकली, खोड हललं नाही. शंकर माझ्या दंडाला चावला. ते वळ पुढं कित्येक दिवस होते.

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "दोनला पाच कमी." मग माझ्याकडं पाहिलं. "तंगी, तुला यावं लागंल. माझा हात असा. एका हातानं तार बॅटरीवर दाबून धरावी लागंल, दुसऱ्यानं बोलायचं बटन. पाटी वाचायला माणूस पायजे."

खालच्या कँपवर जीप होती, कंपाउंडर होता. मी शंकरला सांगितलं, "जीप बोलावते, आत्ता येते," आणि धावले.

मास्तरांनी घोंगडी काढली. भाजलेल्या हातानं तार बॅटरीवर दाबली. यंत्रावरचा काटा वर चढला. ठोक्याला पलीकडून कुणाचा तरी आवाज आला, फाटका, लांबचा. मास्तरांनी बटणावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडं मान वळवली.

"पाच मिनिटं हायत, तंगी. दोनदा सांगितल्याबिगर त्यांना कळणार न्हाई. मोदल काय?"

मोदल म्हणजे आधी. त्यांनी मला विचारलं होतं.

गेली साठ वर्षं मी त्या क्षणाकडं वळून पाहते. मला सांगायला आवडेल, की मी तीस माणसांचा विचार केला. गौरव्वाचा केला. पण खरं सांगायचं तर मी काहीच ठरवलं नाही. पाटी माझ्या हातात होती, मेणकापडातून पाणी झिरपून कडेचा आकडा विरायला लागला होता, आणि ते विरताना पाहून माझं तोंड आपोआप उघडलं. खरखर आणि पाऊस यांच्यावर मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"अकरा वाजता चौदा फूट! बाराला तेरा! एकला अकरा! पाऊस चालूच!"

मास्तर माझ्या मागोमाग यंत्रात बोलत गेले. "वर अडलंय. वरचा ओढा अडलाय. सुटणार. काठ सोडा. सगळे टेकडीवर जा." पलीकडचा विचारत होता, काय, काय? "पुन्ना वाच, तंगी!" मी पुन्हा ओरडले. चौदा. तेरा. अकरा. पलीकडचा आवाज म्हणाला, "कळलं. काठ सोडतो." आणि मी पाटी खाली टाकून म्हटलं, "आता माझ्या माणसाचं! जीप सांगा!"

मास्तर बोलायला लागले. "इथं झाड पडलंय, माणूस..." काटा पडला. ते बोलतच राहिले, तार दाबत, बटण दाबत. यंत्र मेलं होतं.

आम्ही शंकरपाशी परतलो तेव्हा वरून गडगडाट आला. तो आभाळाचा नव्हता. नदीच्या वळणावर आधी एक तपकिरी भिंत दिसली, तिच्यात ओंडके उभे राहत होते, आपटत होते, एकमेकांवर चढत होते. खांब काडीसारखा गेला. उंचवट्याच्या कडेची माती ढासळत आमच्यापासून पंधरा पावलांवर आली आणि थांबली. शंकर ते सगळं आडवा पडून पाहत होता. "जीप?" एवढंच त्यानं विचारलं. मी मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मला आठवत नाही.

लाकूडतोडे पळत आले, पाठोपाठ परशा. त्या चौघांनी कुऱ्हाडी घेतल्या आणि न सांगता खोडाला भिडले. तीन तास लागले. तेवढा वेळ शंकरचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मधे मी मान वर केली तर खोलीच्या दारातून मास्तर दिसले. पाटी समोर, वही पुढ्यात. ते लिहीत होते.

मी उठले. शंकरचं डोकं जमिनीवर ठेवलं, आत गेले आणि मूठ आवळून त्यांच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. "तो तिकडं मरतोय आन तुमी लिवताय?" त्यांच्या ओठातून रक्त आलं. त्यांनी हात वर केला नाही. फक्त दौत सांडू नये म्हणून ती बाजूला सरकवली. मी कुणाला मारत होते ते मला तेव्हाही कळत होतं.

मग परशा आत आला. त्यानं पाटी उचलली. चौदा, तेरा, अकरा. पाणी कुणी अडवलं ते त्यातून कुणालाही वाचता आलं असतं.

"हे कुणी लिवलं?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पाटी उंबऱ्यावर आपटली. तिचे तुकडे माझ्या पायाशी आले.

मास्तरांनी वही मिटून सदऱ्याच्या आत घातली. "फोड," ते म्हणाले. "शाई वाळलीय."

परशानं त्यांना लाथ घातली, पण वहीला हात घातला नाही. लाकूडतोडे दारात उभे होते, हातात कुऱ्हाडी होत्या, आणि ते त्याच्याकडं पाहत होते.

शंकरला घोंगडीच्या डोलीतून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून वाटेत मिळालेल्या दुसऱ्याच ट्रकनं लोंढ्याला, लोंढ्याहून रेल्वेनं बेळगावला. पोचायला दुसरा दिवस उजाडला. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत आणलं असतं तर पाय वाचवायला बघितलं असतं. मांडीच्या मध्यावर कापला.

खालच्या कँपची सगळी माणसं टेकडीवर चढली होती. एक म्हातारा मिस्त्री हत्यारांची पेटी आणायला परत फिरला, तेवढा गेला. झोपड्या, यंत्र, जीप, सगळं वाहून गेलं. दिवाळीनंतर गौरव्वा आम्हाला भेटायला आली. धापा टाकत, एका दमात ती सांगत होती. "तुझा आवाज ऐकला गे आमी त्या मिशनीत! मास्तरच्या मागनं तूच वरडत हुतीस की..." मी तिचा हात दाबला. शंकर पलीकडं खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. गौरव्वानं विषय सुगीवर नेला. बायकांना काही गोष्टी हात दाबला की कळतात.

चौकशीला मोठे साहेब आले. वही उघडून त्यांनी तीन आकड्यांवर बोट ठेवलं. कंत्राटदाराचा करार रद्द झाला. पुढच्या वर्षी त्याच्या मेव्हण्याच्या नावानं तो पुन्हा चालू झाला. साहेबांनी मास्तरांना विचारलं, "जखमी माणसाचा निरोप आधी का दिला नाही? कुणी ठरवलं?"

मी तिथंच उभी होते.

"मी," मास्तर म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही.

मास्तरांची बदली झाली. ट्रंक बांधत होते तेव्हा मी गेले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हटलं, "मास्तर, घरी यांना खरं सांगू का?"

त्यांनी कुलूप लावलं. "ऱ्हाऊ दे, तंगी. मी चाललो धारवाडला. तुला हितंच ऱ्हायचंय."

खांब पुन्हा रोवला गेला. एका पायानं शंकरला उतरता येईना, तेव्हा ती नोकरी साहेबांनी माझ्या नावावर केली. दर तासाला मी उतरायची, नव्या पाटीवर लिहायची. पुढच्या वर्षी मुलगा झाला. आणि घरात शंकर मास्तरांना शिव्या घालत राहिला. सकाळी तोंड धुताना, जेवताना, कुबडी घसरली की. "त्या धारवाड्याला पटकी होवो. त्यानं माझा पाय खाल्ला." एकदा कुबडी भिंतीवर अशी फेकली की कुड फाटला. उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या कानडी यात्रेकरूंत मास्तरांसारखा कुणी दिसला म्हणून त्यानं बैलगाडीवर दगड मारला. मी प्रत्येक शिवी ऐकायची, आणि प्रत्येक शिवी बरोबर पत्त्यावर येऊन पडायची.

अशी तीन वर्षं गेली. पुन्हा आषाढ होता, पुन्हा दुपार. पावसाळ्यात त्याचा नसलेला पाय दुखायचा. बोटं वळतात म्हणायचा, जी कधीच चितेवर गेली होती. मी कोमट तेल घेऊन मांडीच्या थोटक्याला चोळत होते. त्यानं मास्तरांच्या आईवरून एक शिवी हासडली. माझे हात थांबले.

"मास्तरांनी न्हाई," मी म्हटलं. "त्यांनी मला विचारलं हुतं. आधी काय म्हणून. पाटी मी वाचली. मीच वाचली आधी."

बाहेर पाऊस होता. मला वाटलं आता कुबडी येईल. मी डोळे मिटून घेतले. ती आली असती तर बरंच वाटलं असतं.

"ठावं हाय," तो म्हणाला.

मी डोळे उघडले.

"झाड वीस पावलांवर हुतं गे. तू वरडत हुतीस. चौदा, तेरा, अकरा. दोनदा. मी पडल्या पडल्या मोजत हुतो, आता माझं नाव येईल, आता येईल." त्यानं थोटक्यावरचा माझा हात धरला आणि पुन्हा चोळायला लावला. "न्हाई आलं."

मी विचारलं, "मग मास्तरांना तीन वर्सं शिव्या कशापायी?"

"कुणाला तरी घालायच्याच हुत्या," शंकर म्हणाला. "मास्तर लांब हुता. तू जवळ हुतीस."